उधारीच्या वहीतल्या मैत्रिणी

(नरसी नामदेव येथे परतवारीच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे आटोपशीर केले आहे.)



काल एकादशी झाली. रांगेत उभं राहून तुमचे पाय भरून आले असतील आणि परतीच्या एस.टी.त जागा मिळते की नाही ही काळजी असेल. मला विषय दिला आहे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा. कायद्यावर बोलणार आहेच, पण तिथपर्यंत जरा लांबच्या वाटेनं जाणार आहे. सुरुवात समुद्रावरून करते, शेवट इथं कयाधूच्या काठावर होईल.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका मुलीनं मोबाईलवर आम्हाला एक चित्रफीत दाखवली. नौदलातल्या दोन बायका, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए., शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारून २९ मे २०२५ ला गोव्याला परत आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या होत्या. बोटीचं नाव 'तारिणी', बांधलेली गोव्यातच. लांबी सुमारे १७ मीटर. याच बोटीतून २०१७-१८ साली सहा जणी जगाला फेरी मारून आल्या होत्या, यावेळी मात्र दोघीच. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप, एकीनं जागायचं तेव्हा दुसरीनं झोपायचं. वाटेत चार बंदरांवर मुक्काम.

सगळं पाहून झाल्यावर आमच्या एक मावशी म्हणाल्या, "आठ महिने दोघीच? भांडल्या नसतील व्हय?" दुसरी म्हणाली, "भांडल्या तरी जातील कुठं?" सगळ्या हसल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक नवी सून, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "पण ताई, जुन्या मैत्रिणींशी कसं बोलत असतील त्या?"

मी तिला सांगितलं की बोटीवर उपग्रहावरून बोलायची सोय असते. त्या दोघींनी वाटेत 'पॉइंट निमो' नावाची जागा ओलांडली. प्रशांत महासागरातली ही जागा जमिनीपासून सगळ्यात लांब. जवळात जवळचं बेटसुद्धा तिथून सुमारे २,७०० किलोमीटरवर. तरीही किनाऱ्यावरच्या लोकांना बोट कुठं आहे हे रोज कळत होतं. हे सांगता सांगता माझाच आवाज बसला. कारण माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला जिथं दिलं ते गाव आमच्या गावापासून अवघं साठ किलोमीटर. आणि अकरा वर्षं मला तिच्या जिवंत असण्याचाही पत्ता नव्हता.

तिची गोष्ट तिला विचारूनच सांगते आहे. नाव सांगायचं नाही ही तिची अट आहे, आणि "मला बिचारी करू नको" ही दुसरी.

आम्ही दोघी इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावातल्या. पहिलीपासून एका बाकावर. मी वर्गाची मॉनिटर होते, म्हणून ती मला नावानं कधी हाक मारायची नाही, 'मॉनिटर' म्हणायची. २००५ साली दहावी झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. अठरा पुरी नव्हती. मी नांदेडला शिकायला गेले आणि ती सासरी गेली. सासरी तिचं पहिलं नावही बदललं, तांदळात लिहून. म्हणजे गाव बदललं, आडनाव बदललं, नावही बदललं. त्या बोटीचं बरं असतं. ती कुठल्याही बंदरात गेली तरी तिच्या अंगावर नाव तेच लिहिलेलं असतं.

२०११ साली मी एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. किराणा दुकानातल्या रुपयाच्या डब्यावरून ती बोलत होती. नंबर माझ्या आईकडून घेतला होता. म्हणाली, "मॉनिटर, चार दिवस ये ना इकडं." मी म्हटलं, "परीक्षा झाली की येते." ती म्हणाली, "नुसती येऊन बस. काही करू नको." आणि फोन तुटला. बहुतेक रुपया संपला.

त्या वर्षी माझा प्रबंध कशावर होता सांगू? टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर. चाळीस बायकांच्या मुलाखती घेतल्या मी. तिच्याकडे मात्र गेले नाही. परीक्षेनंतर नोकरी, मग माझं लग्न, मूल. एकदा आईला विचारलं तर आई म्हणाली, "ती गेली वाटतं सासर सोडून, कुठं ते नाही माहीत." मी हळहळले आणि कामाला लागले.

कोरोनाची दोन वर्षं इथली यात्रा भरली नाही, तुम्हाला आठवतं. २०२२ ची परतवारी पुन्हा धडाक्यात भरली. आमच्या संस्थेनं मदतीच्या फोनची, १८१ ची पत्रकं वाटायला टेबल लावलं होतं. दुपारी केसाला लावायला रबर घ्यावं म्हणून मी नदीच्या वाटेवरच्या एका कटलरीच्या दुकानाशी थांबले. ताडपत्रीखाली बांगड्यांच्या रांगा लावून एक बाई बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "मॉनिटर, जाडी झालीस."

मैत्रिणींनो, सिनेमात अशा वेळी गळ्यात पडतात. ती गिऱ्हाईक करत राहिली. एका म्हातारीच्या हातात डझनभर बांगड्या भरून झाल्या, पैसे मोजून झाले, मग मला म्हणाली, "झाली का परीक्षा?"

मी खाली बसले. काय बोलावं सुचेना. आणि सुचत नसलं की आपण कार्यकर्त्या काय करतो? आपल्याला शिकवलेलं करतो. मी विचारायला लागले: कधी सोडलंस घर, मुलं किती, मारहाण होती का, तेव्हा कुणाला सांगितलं होतंस, पंचांना, भावाला, पोलिसांना? संस्थेच्या अर्जावर हे प्रश्न ज्या क्रमानं छापले आहेत त्याच क्रमानं मी ते विचारत होते, हे मला नंतर लक्षात आलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुझी केस आहे का गं?" आणि जरा वेळानं, "तुला सांगितलं होतं की. ते कुठं लिहिशील?"

तुमच्यातल्या ज्या समुपदेशनाचं काम करतात त्यांना आमचा अर्ज माहीत आहे. नाव, वय, माहेरचा पत्ता, सासरचा पत्ता, लग्नाची तारीख, मुलं. मग 'याआधी कुणाची मदत घेतली' याखाली आई-वडील, भाऊ, नातेवाईक, पंच, पोलीस. मैत्रिणीचा रकाना नाही. पंधरा वर्षं मी हा अर्ज भरते आहे, मला कधी तो कमी आहे असं वाटलं नाही. आपण सभेत भगिनीभाव म्हणतो, घोषणा देतो. पण समोर बसलेल्या बाईला एखादी मैत्रीण असेल, तिला तिनं काही सांगितलं असेल, ती मैत्रीण आली नसेल, हे आपल्या कागदात बसत नाही. सरकारनं २०१५ साली पीडित बायकांसाठी केंद्रं काढली, त्यांचं नाव 'सखी' ठेवलं. नाव चांगलंच आहे. पण नाव ठेवून सखी होत नसते, हे मी माझ्यावरूनच सांगते.

आता ती कशी राहते ते सांगते, कारण त्या नव्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

सासर सोडल्यावर दोन वर्षं तिनं मिळेल ते काम केलं. हळद काढली, हळद शिजवायच्या कढईवर राबली, एक हंगाम उसाला गेली. उसाला बाईनं एकटं जाणं किती अवघड ते तुम्हाला सांगायला नको. मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईचा कोयताच होत नाही. ती दुसऱ्याच्या जोडीबरोबर स्वयंपाकाला म्हणून गेली होती. तिथल्या फडावर तिला एक विधवा मावशी भेटली, जातीनं कासार. मावशीच्या मुलाकडे छोटा हत्ती टेम्पो होता. तेव्हापासून या दोघी त्या टेम्पोत बांगड्या, टिकल्या, रिबिनी, आरसे, फण्या घेऊन जत्रा करतात. मुलगा चालवतो. पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर राहणं टेम्पोतच. मागच्या भागात मालाच्या पेट्या, पेट्यांवर फळ्या, फळ्यांवर गोधड्या. पाण्याचा निळा ड्रम, घासलेटची शेगडी होती ती जाऊन आता छोटा गॅस आला आहे, बॅटरीवरचा दिवा. पाऊस आला की ताडपत्री ओढून आत बसायचं. 'तारिणी'ची चित्रफीत मी तिला दाखवली तेव्हा आतली ती अरुंद झोपायची जागा बघून ती म्हणाली, "आमच्यापेक्षा बरंय, त्यायला निदान कुणी उठवून जागा हलवायला लावत नाही."

तिचं वर्षाचं वेळापत्रक पाठ आहे. आषाढात इथली परतवारी. श्रावणी सोमवारी औंढा. नवरात्रात माहूर, मग हिंगोलीचा दसरा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला पुन्हा माहूर आणि तिथून खाली लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची जत्रा. फेब्रुवारीत परभणीचा उरूस, महाशिवरात्रीला परत औंढा. १४ एप्रिलला हिंगोली. घरदार नसलेली बाई म्हणून लोक तिच्याकडे बघतात. पण ती कोणत्या तिथीला कोणत्या गावात, कोणत्या झाडाखाली सापडेल हे ठरलेलं आहे. आणि म्हणून बाया तिला शोधत येतात.

मी तिला विचारलं, आपल्या वर्गातलं कुणी भेटतं का? तिनं पेटीतून उधारीची वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. मागच्या पानांवर आमचा वर्ग होता. पहिल्या रकान्यात शाळेतलं नाव. दुसऱ्यात सासरचं नाव आणि गाव. तिसऱ्यात कोणत्या जत्रेला येते. चौथ्यात बाकी किती. आमच्या वर्गात आम्ही सोळा मुली. तिच्या वहीत अकरा होत्या. माझ्याकडे कार्यालय, फोन, फेसबुक सगळं असून मला दोघींचा पत्ता होता. ज्यांना फेसबुकवर शोधायला गेले त्यांचं नावच बदललेलं, आणि फोटोच्या जागी देव किंवा मुलगा.

हिला कशा सापडल्या? कारण बांगड्यांचं दुकान ही एक जागा अशी आहे जिथं बाई अर्धा तास उभी राहिली, बसली, हात दुसरीच्या हातात देऊन बोलली तरी कुणी विचारत नाही. नवरा लांब उभा राहून बिडी ओढतो. सासू स्वतःच शेजारी बसून बांगड्या निवडते. वर्गातल्या दोघी बौद्ध वस्तीतल्या होत्या, त्या परतवारीला कशाला येतील? त्यांच्यापुढे वहीत '१४ एप्रिल, हिंगोली' लिहिलं आहे. एक मुसलमान, तिच्यापुढे 'उरूस'. एकीचा नवरा कोरोनात गेला. ती तिसऱ्या वर्षी मुलीसाठी बांगड्या घ्यायला आली, तेव्हा हिनं मुलीच्या आधी तिच्याच हातात चार भरल्या. स्टँडपर्यंत घालून गेली म्हणे, तिथं काढून पिशवीत टाकल्या. वहीत त्या चार बांगड्यांची बाकी लिहिलेली नाही, एवढं मी पाहिलं.

आपल्याकडे मैत्रिणींच्या भेटीची सोय पूर्वी नव्हती असं नाही. पंचमीला लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायचे, फुगड्या व्हायच्या. त्या चार दिवसांत वर्षाचं बोलून व्हायचं. आता पंचमीला कुणाला मुलांची शाळा असते, कुणाच्या माहेरी आई-बाप राहिले नाहीत, भावजयीचा संसार आहे. तरी भावाला भेटायला जाते म्हटलं की परवानगी मिळते. राखी आहे, भाऊबीज आहे. मैत्रिणीला भेटायला जाते असं सासरी सांगून बघा. पहिला प्रश्न येईल, "कामून? काय काम हाय?" काम नसताना भेटणं ही पुरुषांची चैन आहे. त्यांना पार आहे, चहाची टपरी आहे.

आणि हल्ली तर दहावीच्या बॅचचे मेळावे आहेत. 'इतक्या वर्षांनी पुन्हा भरला वर्ग' अशा बातम्या तुम्ही वाचता. आमच्याही वर्गाचा झाला, २०२३ साली. फेटे, गुरुजींचा सत्कार, जेवण. फोटोत सव्वीस पुरुष आणि आम्ही दोघीच, त्यातली मी एक. मी विचारलं, बाकीच्या मुली? तर म्हणाले, "नंबर मिळाले नाहीत." मी म्हटलं, नंबर नाहीत पण मी तुम्हाला पत्ते देते, अकरा जणींचे. सगळे गप्प. मग एक चांगला मुलगा, खरंच चांगला आहे, हळूच म्हणाला, "ताई, आपण बोलावलं आणि त्यांच्या घरी वाद झाले तर?" त्याचं चुकलं नव्हतं. पण वर्ग भरला असं मात्र छापू नये.

ज्यांच्या गावी आपण जमलो त्या नामदेवांचीच एक गोष्ट इथं आठवते. महिपतींच्या 'भक्तिविजया'त आहे, कीर्तनातही ऐकली असेल. परिसा भागवताकडे परीस होता. नामदेवांच्या घरी दारिद्र्य. पाण्याला गेलेल्या राजाईनं आपलं दुःख परिसा भागवताच्या बायकोला सांगितलं, आणि तिनं नवऱ्याला न विचारता घरातला परीस काढून मैत्रिणीला दिला. नामदेवांना कळलं तेव्हा त्यांनी तो चंद्रभागेत टाकला. पुढे गोष्ट दोन पुरुषांची होते, वैराग्याची होते, नदीतून मूठभर खडे निघतात आणि सगळेच परीस ठरतात. कीर्तनकार तिथं टाळ्या घेतो. मी लहानपणापासून वाट बघते आहे की कुणीतरी सांगेल, त्या दोघींचं पुढं काय झालं? पुन्हा पाण्याला भेटल्या का? नामदेव ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले, पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबची माणसं अजून इथं दर्शनाला येतात. माणूस फिरला की त्याला मित्र मिळतात. राजाई घरी होती. नामदेवांच्या गाथेत तिच्या नावावरही अभंग आहेत, गोणाईच्या नावावर आहेत. त्यात तक्रार आहे. आपल्याला ती तक्रार म्हणून ऐकायची सवय नाही, एवढंच.

आता कायदा.

नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाचा फौजदारी गुन्हा तुम्हाला ४९८ अ म्हणून पाठ आहे. १९८३ साली आला. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ८५ झाला. आकडा बदलला, गुन्हा तोच. या गुन्ह्याची खबर पोलिसांना कुणी द्यायची? स्वतः बाईनं, किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या नात्यातल्या माणसानं. असं कुणीच नसेल तर सरकारनं नेमून दिलेल्या लोकसेवकानं. तर पोलीस वॉरंटाशिवाय कारवाई करू शकतात. या यादीत मैत्रीण नाही. शेजारीण नाही. म्हणजे आमच्या अर्जात जो रकाना नव्हता तो फौजदारी कायद्यातही नाही.

पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्याचं कलम ४ नीट ऐका. ते म्हणतं, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं मानायला ज्या 'कोणत्याही व्यक्ती'ला कारण आहे, ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. कोणत्याही व्यक्तीला. आणि सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कलम तुमच्या मैत्रिणीसाठी तुम्हाला वापरता येतं. मी हे कलम परीक्षेत लिहिलं होतं, शिबिरांत शिकवलं होतं. त्याचा अर्थ मला उधारीच्या वहीनं कळवला.

२०२४ च्या महाशिवरात्रीला हिचा मला औंढ्याहून फोन आला. "आपली अमुक दोन जत्रा आली नाही. माळेगावला नाही, इथं नाही." मी म्हटलं, काम असेल. ती म्हणाली, "तिचे माझ्याकडं नव्वद रुपये बाकी हायत. ती बाकी ठेवून राहणारी नाही." आणि मग मला म्हणाली, "यावेळी परीक्षा नाही ना?"

आम्ही दोघी गेलो. मी कार्यकर्ती म्हणून गेले असते तर दारातूनच परत पाठवलं असतं. ती पिशवी घेऊन पुढे झाली, "उधारी मागायला आले" म्हणाली. उधारी मागणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही, फार तर शिव्या देतात. सासूनं सुनेला हाक मारली. ती बाहेर आली तेव्हा डावा हात तिनं पदराखाली धरला होता. हिनं बांगडी भरायला म्हणून तोच हात मागितला. कोपराखाली हाड वाकडं जुळलेलं, दवाखाना झालेला नव्हता. नव्वद रुपये सासूनं आमच्या अंगावर फेकले. तेवढ्या वेळात तिच्याशी चार वाक्यं बोलून झाली होती.

तिला घर सोडायचं नव्हतं. मुलगी बारावीला आहे, परीक्षा होऊ दे म्हणाली. परीक्षा हा शब्द ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिच्या संमतीनं आम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे लेखी माहिती दिली. संमतीनं, हे मी ठासून सांगते. कायदा तुमचं रक्षण करतो, पण माहिती गेल्यावर त्या रात्री त्या घरात ती असते, तुम्ही नसता. तिला विचारल्याशिवाय शूर होऊ नका. जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथं थांबू नका, ११२ किंवा १८१ लावा.

पुढं काय झालं? फार काही झालं नाही. घरी नोटीस गेली, जबाब झाले, हाताचं ऑपरेशन झालं, नवऱ्यानं करणार नाही असं लिहून दिलं. असे लिहून दिलेले कागद आमच्या कपाटात खूप आहेत. ती अजून त्याच घरात आहे. पण काल ती परतवारीला आली होती, सासूला घेऊन. सासू दुकानासमोर बसेना, लांब उभी राहिली. म्हणजे तिलाही कळलं आहे की ही सून मोजली जाते.

सगळ्या गोष्टी अशा नाहीत. अकरा जणींतल्या एकीनं "पुन्हा माझ्याकडं येऊ नको" असं सांगितलं. का ते आम्हाला माहीत नाही. तिची इच्छा, तिचा रकाना रिकामा ठेवला आहे. एकीच्या नावावर रेघ आहे. जळून गेली एवढं जत्रेत कळलं, कुणीतरी तिसऱ्याच बाईनं सांगितलं, गिऱ्हाईक करता करता. सहा वर्षांनी कळलं. तिचं सासर माझ्या संस्थेच्या कार्यालयापासून बसनं एका तासावर आहे.

आमच्या गटानं गेल्या वर्षी ठरवलं की प्रत्येकीनं लग्नाआधीची एक तरी मैत्रीण शोधायची. बावीस जणींपैकी नऊ जणींना सापडली. एकीला मैत्रीण सापडली ती शेजारच्या गल्लीतच, सासरचं नाव वेगळं म्हणून तीन वर्षं ओळखलं नव्हतं. एकीची भेट फसली. दोघींना बोलायलाच काही उरलं नव्हतं, एक शेतात राबते, एक शिक्षिका झाली. चहा पिऊन परत आली. असंही होतं. माझीही तिच्याशी भेट काही सरळ चाललेली नाही. ती अजून मला घालूनपाडून बोलते. २०११ चा फोन तिनं माफ केला आहे की नाही, मी विचारलेलं नाही. ती मला कामं सांगते, त्यावरून मी काय समजायचं ते समजते.

आमच्या अर्जात मी रकाना वाढवला आहे. छापील नाही, संस्थेची मंजुरी यायची आहे, मी पेनानं लिहिते: 'मैत्रीण: शाळेतलं नाव, सासरचं नाव, कुठं भेटते.' पहिल्यांदा विचारलं की बायका गोंधळतात. नाही म्हणतात. उठून जाताना दारात थांबून एखादी नाव सांगते. तुमच्या तुमच्या गटात हे करून बघा आणि बायका काय सांगतात ते पुढच्या परतवारीला मला सांगा. जिथं करणं धोक्याचं वाटेल तिथं कागदावर लिहू नका. वही कुणाच्या हाती पडेल याचाही विचार करा. हिनं तिच्या वहीत म्हणूनच सगळ्यांपुढं बाकी लिहून ठेवली आहे, ज्यांची नाही त्यांचीही.

बाहेर ऊन पडलंय तोवर ती दुकान आवरते आहे, नदीच्या वाटेवर, हिरव्या ताडपत्रीचा टेम्पो. तुमच्यातल्या ज्यांना बांगड्या भरायच्या आहेत किंवा कुणाला काही निरोप द्यायचा आहे त्यांनी सरळ तिच्याकडे जावं. श्रावणात ती औंढ्याला आहे, दसऱ्याला हिंगोलीत. भाषण लांबलं तर टेम्पो निघून जाईल असं तिनं मला सकाळीच बजावलं आहे, आणि ती थांबणारी नाही, तेव्हा मी इथंच थांबते.